इने गावाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जपानमधल्या इनेचे फोटो हल्ली सगळीकडे फिरतात, पाण्यात पाय सोडून बसलेली लाकडी घरं आणि मागे हिरवा डोंगर. मी कोबेत राहते आणि तिकडे जाणं होत असतं, त्यामुळे मराठी मंडळींकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एक गोष्ट मात्र पहिल्यांदाच सांगते, कारण ती मला मनापासून महत्त्वाची वाटते: ही घरं बघण्यासाठी बांधलेली नाहीत, मासेमारीसाठी बांधली आणि अजून त्यात माणसं राहतात. हे डोक्यात ठेवून वाचलंत तर बाकीचं आपोआप जुळत जाईल.

इने नक्की कुठे आहे? काही लोक क्योतो म्हणतात, पण क्योतोला समुद्र कुठे?

क्योतो शहराला समुद्र नाही, पण क्योतो नावाचा जिल्हा आहे ना, तो उत्तरेला पार जपान समुद्रापर्यंत जातो. त्या टोकाला तांगो नावाचं द्वीपकल्प आहे आणि त्याच्या ईशान्य कडेला इने. देवळांच्या क्योतोपासून साधारण 120 किलोमीटर. गावाचं एकूण क्षेत्रफळ जवळजवळ 62 चौरस किलोमीटर आहे पण त्यातला बहुतेक भाग डोंगर आणि जंगल, सपाट जमीन फारच थोडी, आणि लोक राहतात ते किनाऱ्याला चिकटून किंवा मधल्या दऱ्यांमध्ये. आजचं इने हे प्रशासनाच्या हिशेबात 1954 साली चार गावं एकत्र करून झालं: इने, आसाझुमा, होंजो आणि त्सुत्सुकावा. फोटोत दिसतो तो फक्त जुन्या इनेचा उपसागराभोवतीचा भाग.

लोक किती राहतात?

2020 च्या जनगणनेत दोन हजारांच्या जरा आत. चार गावं एक झाली तेव्हाच्या मानाने निम्म्याहूनही कितीतरी कमी. पासष्टीच्या पुढचे लोक चाळीस टक्क्यांहून जास्त आहेत.

फुनाया म्हणजे काय? ती घरंच का?

फुनाया म्हणजे होडीचं घर. तळमजल्यावर होडी आणि वर माडी. उपसागराच्या कडेने अशी साधारण 230 घरं आहेत, सगळ्यांचं तोंड पाण्याकडे आणि छपराचा त्रिकोण समुद्रासमोर. तळमजल्याची जमीन समुद्राकडे उतरती केलेली असते, म्हणजे पाणी थेट घरात येतं आणि त्या उतारावरून होडी ओढून आत घ्यायची. मुळात कुटुंब इथे राहायचंच नाही. राहायचं घर, ज्याला तिथे ओमोया म्हणतात, ते रस्त्याच्या पलीकडे डोंगराच्या बाजूला असतं, आणि फुनाया ही कामाची जागा: खाली होडी, वर जाळी वाळवायची, दोऱ्या, अवजारं ठेवायची. पुढे मुलाचं लग्न झालं की म्हाताऱ्यांनी वरच्या मजल्यावर राहायला जायचं किंवा उलट, असं करत करत माडीवर खोल्या झाल्या.

होडी आत का घ्यायची असाही प्रश्न येतो. जुन्या होड्या लाकडाच्या, सतत पाण्यात राहिल्या की कुजतात आणि लाकूड पोखरणारे किडे लागतात, म्हणून त्या वाळवणं भाग होतं, आणि इथे पाऊस आणि बर्फ इतका की उघड्यावर काही वाळत नाही, म्हणून छप्पर. आता होड्या फायबरच्या झाल्या, आकाराने मोठ्या झाल्या, त्या बाहेरच बांधून ठेवतात, त्यामुळे बऱ्याच फुनायांच्या पोटात आज होडी नसते, जाळी, बादल्या, फ्रीझर, मुलांच्या सायकली असं काय काय असतं.

घरं पाण्याच्या इतकी जवळ, मग भरतीला बुडत नाहीत?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, कारण इनेचं सगळं रहस्य यातच आहे. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती येते तेव्हा पालिका इशारे देते, आपल्याला समुद्र म्हणजे रोज दोनदा चढणारा आणि उतरणारा असाच माहिती. जपान समुद्र तसा नाही. तो जवळजवळ चारही बाजूंनी बंद आहे, बाहेरच्या महासागराशी फक्त अरुंद आणि उथळ सामुद्रधुन्यांनी जोडलेला, त्यामुळे महासागराची भरती आत पोचेपर्यंत तिचा जोर संपलेला असतो. इनेमध्ये वर्षभरात पाण्याच्या पातळीत फरक पडतो तो साधारण अर्धा मीटर. बस! आपल्या कोकणात असं घर बांधलं तर दुपारी चिखलात आणि रात्री पाण्यात, म्हणजे ही कल्पना आपल्याकडे कुणाला सुचली नाही असं नाही, आपला समुद्रच ते करू देत नाही.

पण फक्त भरती नसून चालत नाही, लाटांचं काय? तर बघा, जपान समुद्राच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात वायव्येकडून वारा येतो आणि लाटा भयानक असतात. इनेचा उपसागर मात्र दक्षिणेकडे उघडतो, या किनाऱ्यावर हे फार कमी दिसतं, आणि तीन बाजूंना डोंगर, आणि वर त्याच्या तोंडाशी आओशिमा नावाचं बेट अगदी बूच लावल्यासारखं बसलेलं. त्यामुळे बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आत पाणी शांत. किनाऱ्यापासून लगेच खोल होतं हेही महत्त्वाचं, होडी घराच्या दारापर्यंत येते ती त्यामुळे. या सगळ्या गोष्टींमधली एक जरी नसती ना तर फुनाया उभ्याच राहिल्या नसत्या.

त्सुनामी आणि भूकंपाची भीती नाही का?

भीती जपानमध्ये सगळीकडेच आहे. तांगोमध्ये 7 मार्च 1927 ला मोठा भूकंप झाला, जवळजवळ तीन हजार माणसं गेली, सगळ्यात जास्त नुकसान मिनेयामा भागात. गावात उंचावर जायचे रस्ते दाखवणारे फलक आहेत, पोचल्यावर ते एकदा बघून ठेवा. घरामागे लगेच डोंगर आहे त्यामुळे उंचावर जायला वेळ लागत नाही.

घरं किती जुनी आहेत? सगळी शेकडो वर्षांची का?

नाही. फुनायाची पद्धत जुनी, एदो काळापासूनची (साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक), पण तेव्हा त्या लहान असायच्या, गवताने शाकारलेल्या, एकच मजला, भिंतींच्या जागी गवती चटया टांगलेल्या. आज दिसतात त्या दुमजली कौलारू फुनाया बहुतांश 1880 ते 1950 या काळातल्या, कारण त्या काळात बुरी (इंग्रजीत यलोटेल) हा मासा इतका मिळाला की लोकांच्या हातात पैसा आला आणि तो त्यांनी घरात घातला. दुसरी गोष्ट रस्त्याची. आधी ओमोया आणि फुनाया यांच्या मध्ये फक्त अंगण होतं, शेजाऱ्याकडे जायचं तरी होडीने. 1931 ते 1940 या दरम्यान तिथून रस्ता काढला, तो त्या अंगणांमधूनच गेला, जागा करायला काही फुनाया समुद्राच्या बाजूला सरकवल्या. म्हणून आजही रस्ता इतका अरुंद आहे, आणि त्याच्यावरून चालताना तुम्ही खरं तर लोकांच्या अंगणातून चालत असता.

2005 साली सरकारने या भागाला जुन्या इमारतींचं महत्त्वाचं संरक्षित क्षेत्र म्हणून दर्जा दिला, मच्छीमार गावाला असा दर्जा मिळण्याची देशातली ही पहिलीच वेळ. मला यात आवडलेली गोष्ट ही की त्यात फक्त घरं नाहीत, समोरचं पाणी, आओशिमा आणि मागचं जंगल असं सगळं मिळून 310 हेक्टर आहे. बरोबरच आहे, डोंगर बोडका झाला किंवा पाण्यात भराव टाकून जेटी बांधली तर नुसती घरं ठेवून काय उपयोग.

लोकांचं पोट कशावर चालतं? आता सगळं टुरिझमवरच ना?

नाही, मासेमारी अजून जिवंत आहे. मुख्य पद्धत म्हणजे समुद्रात एका जागी कायमचं लावलेलं प्रचंड मोठं जाळं, मासा फिरत फिरत आत येतो आणि बाहेरची वाट सापडत नाही, पहाटे होड्या जाऊन ते जाळं उचलतात. हिवाळ्यातला बुरी सगळ्यात मानाचा, आणि इनेचं नाव जपानच्या मोठ्या बुरी बंदरांमध्ये घेतलं जातं. बुरीला वयाप्रमाणे वेगवेगळी नावं आहेत, ओसाका-कोबेकडे त्सुबासु, मग हामाची, मग मेजिरो आणि पूर्ण वाढला की बुरी, आणि भाव त्याप्रमाणे चढत जातो. उन्हाळ्यात इवागाकी नावाचे मोठे कालव, ते उपसागरात वाढवतात. शिवाय डोंगराच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये भातशेती आहे. नीइची पायऱ्यापायऱ्यांची शेतं थेट समुद्राच्या वर आहेत, मे महिन्यात त्यात पाणी भरलेलं असतं तेव्हा जा. तांगो भागात रेशमाचा चिरिमेन कापड विणायचा धंदाही 1720 पासून आहे, इनेतही घरोघरी माग होते.

व्हेल मारायचे हे खरं आहे का?

हो. एदो काळापासून अगदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. माशांच्या थव्यामागे व्हेल उपसागरात आली की आओशिमाच्या दोन्ही बाजूंच्या फटी जाळ्यांनी बंद करायच्या आणि मग आत तिला गाठायचं, म्हणजे सगळा उपसागरच सापळा. एका व्हेलवर गावाचे कितीतरी महिने निघायचे. आओशिमावर व्हेलची समाधी आहे. ज्यांना मारलं त्यांच्यासाठी दगड उभा करून प्रार्थना करायची, ही गोष्ट मला तरी फार आतून लागली.

रोजचं जगणं कसं असतं, जरा सांगा ना

सकाळ फार लवकर होते. होड्या बंदरात आल्या की माशांची निवड सुरू होते, आकाराप्रमाणे, जातीप्रमाणे, आणि मोठा माल बाहेर जायच्या आधी गावातले लोक बादली घेऊन तिथेच येतात आणि घरापुरता मासा घेऊन जातात. त्याला हामाउरी म्हणतात. आजीबाई गाऊनवर ॲप्रन आणि पायात गमबूट घालून येतात, मासा उलटासुलटा करून कल्ले बघतात, घेतात आणि चालू लागतात, कुणी जास्त बोलत नाही.

दुसरी गोष्ट मोंदोरी. हा जाळीचा छोटा पिंजरा, त्यात माशाचं डोकं किंवा काटे, म्हणजे रात्रीच्या जेवणातलं उरलेलं, ते घालायचं आणि फुनायाच्या दारातून दोरीने पाण्यात सोडायचं. सकाळी दोरी ओढायची. मी ज्या घरात उतरले होते तिथल्या आजोबांनी ओढली तेव्हा दोरीला हिरवी शेवाळ लागलेली, पिंजरा वर आला तसं पाणी खळाखळा खाली पडलं आणि आत दोन-तीन छोटे काटेरी मासे आणि एक ऑक्टोपस कोपऱ्यात चिकटून बसलेला. त्यांनी ऑक्टोपसला हाताने सोडवला, त्याने मनगटाला विळखा घातला, आणि तो तसाच हातावर घेऊन ते रस्ता ओलांडून ओमोयातल्या स्वयंपाकघरात गेले. समुद्र ते ओटा, मध्ये फक्त एक रस्ता! काही घरांसमोर पाण्यात जाळीची पेटीही असते, पकडलेला मासा लागेल तोपर्यंत त्यात जिवंत ठेवतात.

अडचणीही आहेत, त्या फोटोत येत नाहीत. कॉलेज सोडाच, दहावीपासूनच मुलं मियाझु शहरात किंवा अजून लांब जातात आणि पुढे नोकरीसाठी शहरात. गावात दवाखाने आहेत पण मोठं हॉस्पिटल योसानोला. खारा वारा लाकडाला आणि लोखंडाला खातो, समुद्राच्या बाजूचे खांब बदलावे लागतात, आणि संरक्षित क्षेत्र असल्याने बाहेरून वाटेल ते बदलता येत नाही, अनुदान मिळतं पण तरी खर्च घरच्यांच्या माथी असतोच. जिथे मुलं परत आली नाहीत तिथे घर बंद. हे बघून वाईट वाटतं.

हवामान कसं? कधी जावं?

तिकडे एक म्हण आहे, डबा विसरलास तरी चालेल पण छत्री विसरू नकोस. शरद ऋतूपासून हिवाळाभर तिथे एका तासात ऊन, पाऊस, गारा, परत ऊन असं चालतं, त्या हवेला तिथले लोक उरानिशी म्हणतात. कारण सोपं आहे, सायबेरियातून येणारा थंड कोरडा वारा गरम प्रवाहाच्या पाण्यावरून येताना बाष्प उचलतो आणि तांगोच्या डोंगरांना धडकला की सगळं खाली, पाऊस म्हणून किंवा बर्फ म्हणून. बर्फ पडलेलं इने सुंदरच दिसतं पण बसचं वेळापत्रक बिघडू शकतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर धरावा. बुरी खायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑगस्टमध्ये गर्मी आणि गर्दी दोन्ही.

सण-उत्सव?

जुलैच्या शेवटी इने मात्सुरी, यासाका देवळाचा. ज्या वर्षी मासा भरपूर मिळतो त्याच वर्षी मोठा उत्सव करतात आणि तेव्हा होड्या एकमेकींना जोडून त्यावर सजवलेला मंडप उभारून पाण्यातून मिरवणूक काढतात. मासा नाही तर मोठी मिरवणूक नाही. म्हणून कुठल्या वर्षी ती दिसेल हे आधी सांगता येत नाही.

उराशिमा तारोची गोष्ट इथलीच का?

जपानमधल्या प्रत्येक मुलाला माहिती असलेली गोष्ट: कोळी कासवाच्या मागे समुद्राखालच्या राज्यात जातो, परत येतो तर गावात तीनशे वर्षं उलटून गेलेली, आणि दिलेली पेटी उघडू नको सांगितलं असताना उघडतो. ती बऱ्याच किनाऱ्यांवर सांगतात, पण सगळ्यात जुन्या लिखित रूपांपैकी एक आठव्या शतकातल्या तांगो प्रांताच्या नोंदीतलं आहे आणि त्यात त्या तरुणाचं गाव म्हणून त्सुत्सुकावा हेच नाव येतं, म्हणजे वर सांगितलेल्या चार गावांपैकी एक. होंजोमध्ये उरा देऊळ आहे, परंपरेप्रमाणे 825 सालचं. फुनायांच्या भागापासून लांब आहे, गाडी नसेल तर बस बघून जा. तिथे गर्दी नसते.

खायला काय मिळतं? शाकाहारी लोकांचं काय?

मासा. ताजी साशिमी (कच्च्या माशाचे काप), हिवाळ्यात बुरीचे पातळ काप गरम पाण्यात हलवून खायचे तो बुरी-शाबू, आणि हेशिको, म्हणजे बांगड्याच्या जातीचा साबा मासा मिठात आणि तांदळाच्या कोंड्यात कित्येक महिने मुरवलेला. खारट, उग्र, भाजून भाताबरोबर अगदी थोडा खायचा. ज्यांना आपलं सुकट आवडतं त्यांना हा नक्की आवडेल. तांगोची बारा-झुशीही आहे, भातावर साबाचा गोडसर चुरा पसरलेला. दारू पिणाऱ्यांनी मुकाई शुझोची इने मानकाई बघावी, प्राचीन जातीच्या लाल तांदळाची, रंगाने गुलाबी-तांबडी. ती भट्टी 1754 पासून तिथे पाण्याच्या काठालाच आहे.

शाकाहारी असाल तर स्पष्ट सांगते, अवघड आहे. भाजीत, सूपमध्ये, सगळ्यात माशाचा अर्क असतो. मुक्कामाच्या ठिकाणी बुकिंग करतानाच लिहा, आयत्या वेळी सांगून त्यांना धावपळ करायला लावू नका, आणि बरोबर थेपले, मेतकूट, चटणी असू द्या. दुकानं थोडी आणि लवकर बंद होणारी, शहरासारखं रात्री अकराला काही मिळेल असं धरून चालू नका.

जायचं कसं?

क्योतो स्टेशनवरून हाशिदाते एक्स्प्रेसने अमानोहाशिदाते, दोन तासांच्या आसपास, तिथून बसने साधारण एक तास. फुकुचियामाच्या पुढे जेआर (जपान रेल्वे) नसून क्योतो तांगो रेल्वे आहे, त्यामुळे देशभरचा जेआर पास त्या भागात चालत नाही, वेगळे पैसे भरावे लागतात. बस कमी आहेत, परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा. गाडी घेऊन गेलात तर ती पार्किंगमध्ये लावा आणि चाला, तो अरुंद रस्ता गावकऱ्यांना, टेम्पोंना आणि ॲम्ब्युलन्सला लागतो.

घरं पाण्याच्या बाजूनेच नीट दिसतात, त्यासाठी उपसागरात फिरणारी बोट आहे, पंचवीस मिनिटांची फेरी, किंवा गावातले लोक छोट्या होडीने नेतात. मी तरी छोटी होडी सुचवेन, चालवणारा बहुतेक तिथलाच असतो आणि कुठलं घर कुणाचं, कुणाचा मुलगा परत आला, हे सगळं सांगतो, आणि पैसाही गावातच राहतो. वरून बघायचं असेल तर टेकडीवर फुनाया-नो-सातो नावाची जागा आहे, तिथून उपसागर दिसतो.

फुनायामध्ये राहता येतं? आत डोकावलं तर चालेल का?

राहता येतं, काही घरांत दिवसाला एकाच कुटुंबाला देतात, बुकिंग बरंच आधी करा. पण बाकीच्या घरांत डोकावू नका. वर्षाला लाखांनी लोक येतात आणि गाव दोन हजारांचं, दार उघडं दिसलं म्हणून आत शिरणारे, कुणाच्या धक्क्यावर बसून डबे खाणारे, ड्रोन उडवणारे, यांनी तिथले लोक खरंच त्रासलेत. तळमजला समुद्राकडे उघडा असतो कारण तसा तो बांधलाय, तुम्हाला बोलावलंय म्हणून नाही. कुणी बाहेर काम करत असेल तर कोन्निचिवा म्हणा, फोटो काढायचा तर विचारा, आणि कचरा परत घेऊन जा.

जवळपास आणखी काय बघावं?

अमानोहाशिदाते तर वाटेवरच आहे, पाइनच्या झाडांनी भरलेली 3.6 किलोमीटरची वाळूची पट्टी, सायकलने पार करता येते. गाडी असेल तर किनाऱ्याने उत्तरेला क्योगामिसाकीचं 1898 चं दीपगृह, आणि जाता जाता नीइची शेतं. एका दिवसात हे सगळं बसवू नका, इनेला एक रात्र द्या, कारण दिवसभराच्या बस गेल्यावर आणि पहाटे होड्या निघताना गाव जसं असतं ते दुपारी येऊन जाणाऱ्याला दिसतच नाही.